उंबऱ्यात अंथरूण

शिंगणापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चांगुणाताईंना अश्विनीचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दिवाळीला माहेरी आला होता तेव्हा तुम्हीच म्हणालात, की त्या तापानंतर कान गेले ते गेलेच, फोन लावला तर नुसती घरघर येते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवलं तर ते करणच्या फोनवर येतं, आधी सगळं घर वाचतं आणि मग तुम्हाला दाखवतं. मला लिहायचं आहे ते आधी तुम्ही वाचावं असं वाटलं. धनश्रीच्या वहीतली पानं घेतली आहेत. दहावीचं वर्ष आहे, वह्या पुरत नाहीत म्हणून ती कुरकुरली.

आण्णांबद्दल लिहायचं आहे. दिवाळीत त्यांनी तुम्हाला ओळखलं, करणला ओळखलं नाही, आणि आपण सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. आता हसण्यासारखं राहिलं नाही.

शुक्रवारी पहाटे मी पाणी तापवायला उठले तर त्यांची खाट रिकामी. कुत्री येऊ नयेत म्हणून आपण चौकटीला फळी टेकवतो ना, ती त्यांनी उचलून नीट भिंतीशी लावून ठेवली होती. शेजारी निजलेल्या आईंनाही जाग आली नव्हती. तुमच्या भावानं मोटारसायकल काढली. आण्णा सापडले ते घोडेगावच्या अलीकडे, हायवेच्या कडेला. अंगात बंडी, पायात काही नाही, हातात कासरा. "बाजारला चाललोय, बैल म्होरं गेल्यात," म्हणाले. बैल विकून अकरा वर्षं झाली, ताई. पाय इतके गार पडले होते, की शेकोटीपाशी बसवलं तरी ऊब लागल्याचं त्यांना कळेना.

मला वाटतं, चौकटीला दार बसवावं.

मी काय लिहिते आहे ते मला समजतं. लग्न होऊन आले तेव्हा बिनदाराच्या घरात पहिले पंधरा दिवस माझा डोळा लागला नव्हता. मग सवय झाली, आणि मग माझाही विश्वास बसला. पण हे दार चोरासाठी नको आहे. आण्णांसाठी हवं आहे. शनिदेवाला एवढं कळेल असं मला वाटतं. आईंपुढे आणि यांच्यापुढे हे बोलायची माझी हिंमत नाही. तुम्ही घरातल्या थोरल्या. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

अश्विनी


काष्टी
२५ नोव्हेंबर

अश्विनी,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यापेक्षा जास्त राग आला, म्हनून दोन दिवस थांबून लिहिते.

दाराचं पुन्हा बोलू नको. त्या घरात माझा जन्म झाला. अठरा वर्सं मी त्या चौकटीतनं चांदणं बघत झोपले. काष्टीला सासरी आले त्या रात्री सासूनं आतनं कडी घातली तवा मला गुदमरल्यासारखं झालं हुतं. आपल्या आज्यानं, पणज्यानं जे केलं न्हाई ते आता बाहेरनं आलेल्या पोरीनं करायचं का? आईच्या कानावर हे घालू नको. ती अन्न सोडंल.

आनि मानूस हरवतं ते दार नसल्यामुळं न्हाई, लक्ष नसल्यामुळं हरवतं. घरात चार मानसं असताना म्हाताऱ्याचं अंथरूण रिकामं झालेलं कुनाला कळत कसं न्हाई? तुला कामं लई हायेत, ते मला ठाव हाय. मलाबी हुती. माझ्या सासऱ्याचं मी सात वर्सं केलं.

त्यापेक्षा आण्णांना हिवाळाभर माझ्याकडं धाडा. करणच्या रेश्माला सहावा महिना लागलाय, मी घरातच असते. आमच्याकडं दार हाय, कडी हाय, आनि मी हाय. गोरक्षला सांग, येत्या आठवड्यात घेऊन ये.

चांगुणा


शिंगणापूर
२ डिसेंबर

ताई,

"लक्ष नसल्यामुळं" हे वाचून मी पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि दोन दिवस बाहेर काढलं नाही. आता काढलं आहे, तर सगळंच सांगते.

शुक्रवारची वेळ तिसरी होती. पहिल्या दोन मी तुम्हाला कळवल्या नाहीत. पहिल्यांदा ते शनिवारच्या गर्दीत गेले, भाविकांच्या रांगेत उभे राहिले आणि तिथंच त्यांना पुढं काय करायचं ते आठवेना. दुसऱ्यांदा उसात सापडले. आम्ही काही केलं नाही असं नाही. खाटेला गाईची घंटा बांधली, ती त्यांनी हातात धरून सोडवली. आईंनी रात्री पदराची गाठ त्यांच्या धोतराला मारली. सकाळी पदर मोकळा आणि आण्णा शेजाऱ्यांच्या गोठ्यात.

आणखी एक. दुपारी मी कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला जाते आणि आईंना गुडघ्यामुळं मागं पळता येत नाही, तेव्हा मी आण्णांचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधते. मऊ बांधते. ते काही म्हणत नाहीत, पट्टीकडे बघत बसतात. आईंना माहीत आहे. यांना नाही. हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटते, पण तुम्ही लक्षाचं काढलंत म्हणून लिहिलं.

रविवारी हे त्यांना घेऊन येतील. आईंना "तुम्हीपण चला" म्हटलं, तर म्हणाल्या, "लेकीच्या घरी पाव्हणी म्हणून जाईन, ऱ्हायला न्हाई जायची." पण परवापासून त्यांची पिशवी भरणं चालू आहे. भरतात आणि परत काढतात.

भाकरी दुधात कुस्करून द्या, वरून साखर नको, गूळ. आंघोळीचं पाणी आधी त्यांच्या हाताला लावून दाखवा, एकदम अंगावर घेतलं तर घाबरतात. स्वेटर घालत नाहीत, घोंगडं घेतात. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आईंना शोधतात. तेव्हा बायडाबाई धारा काढायला गेल्यात, असं सांगा. तेवढ्यानं भागतं.

अश्विनी


काष्टी
१५ डिसेंबर

अश्विनी,

आण्णा मजेत हायेत. काळजी करू नका. जेवन चांगलं हाय, झोप चांगली हाय.

काल शनवार, इथल्या बाजाराचा दिवस. मी आनि करण त्यांना बैलबाजारात घेऊन गेलो. अगं, तुला सांगते, मानूस बदलून गेलं. घरात हात धरून चालवावं लागतं, तिथं हात सोडवून पुढं गेले. पंढरपूरकडनं आलेली एक खिल्लारी जोडी हुती. आण्णांनी मालकाला इचारलंबी न्हाई, बैलाचा जबडा धरला, वठ वर केला, दात बघितले. काय तरी म्हनले. मला ऐकू आलं न्हाई, पन त्या मालकाचं तोंड बघून कळलं की बरोबर सांगितलं. करणनं मला बोटं दाखवली, सहा दाती. मालकानं त्यांना च्या पाजला. आण्णांनी मग शेपटीचा गोंडा हातात घेतला, वशिंडावर हात फिरवला आनि माझ्याकडं बघून हसले. माझ्या लग्नाआधी ते असे हसायचे. तेवढा एक तास माझा बाप माघारी आला हुता.

आईला हे सगळं वाचून दाखव.

हाताला थोडं खरचटलंय. हळद लावली हाय. बाकी काही न्हाई.

चांगुणा


शिंगणापूर
२४ डिसेंबर

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आईंना दोनदा वाचून दाखवलं. सहा दातीचं ऐकून त्या म्हणाल्या, "दात बघायला ह्यांच्यावानी मानूस पंचक्रोशीत न्हवता." दिवसभर खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी करणचा यांना फोन आला, "मामा, आजोबांना घेऊन जा." का, ते सांगितलं नाही. हे लगेच निघाले.

आता मी विचारते, आणि तुम्ही खरं सांगा. आण्णांचे दोन्ही तळहात सुजलेले आहेत. उजव्या हाताची दोन नखं निघाली आहेत. हे खरचटणं नाही. तुमचे भाऊ रागानं नुसते येरझारा घालतात. काल विचारलं, "करणनं हात उगारला असंल का?" मी म्हटलं, करण तसा नाही. पण मला तरी काय माहीत?

आई रोज कोमट पाण्यानं त्यांचे हात धुतात. ते धुवू देतात. मधेच कधी "उघडा" म्हणतात. इथं तर उघडायला काहीच नाही. आई म्हणतात, "उघडंच हाय, बगा की." मग ते चौकटीपर्यंत जातात, बाहेर हात काढून बघतात आणि परत येऊन बसतात.

थंडी फार वाढली आहे. सकाळी कांद्याच्या पातीवर दव गोठल्यासारखं दिसतं. पुढच्या आठवड्यात लागण सुरू होईल. पहाटे लाईट असते, म्हणजे पहाटेच शेतात. घरी कोण थांबणार, यावर रोज वाद होतात.

अश्विनी


काष्टी
३० डिसेंबर

अश्विनी,

करणनं हात उगारला न्हाई. त्याच्यावर राग धरू नका. जे झालं ते माझ्यामुळं झालं, आनि मी ते लपवलं.

त्याच शनवारची दुपार. बाजारातनं आलो, आण्णा जेवले, पुढच्या खोलीत पडले. करण दूध डेअरीवर गेला. रेश्मा तपासायला दवाखान्यात गेली हुती, संगं तिची आई. माझी बाजरी पाखडायची ऱ्हायली हुती, म्हनून मी खोलीला बाहेरनं कडी घातली आनि मागच्या अंगनात जाऊन बसले. थोडा वेळ, असं मनात हुतं. ऊन चांगलं लागत हुतं. बाजारातली ती गंमत मनात घोळत हुती. मी घराकडं पाठ करून बसले हुते, अश्विनी. दीड तास.

शेजारची भागूबाई कुपाटी ओलांडून आली आनि तिनं माझा दंड धरला. ती काय बोलते ते मला समजंना. तिनं दाराकडं हात केला. तिला तिच्या घरात ऐकू जात हुतं, तीन घरं सोडून पलीकडंबी जात हुतं. मला न्हाई.

कडी काढली तर आण्णा दाराला टेकून खाली बसलेले. दारावर रक्ताचे हात उमटले हुते. मी आता ऐकायच्या ऐवजी मानसाच्या वठाकडं बघते, त्याची सवय झालीय. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आनि त्यांचे वठ हलले. "मी काय केलं?" म्हनत हुते. दोनदा म्हनले. मी मिठी मारली तर त्यांनी अंग चोरलं.

जन्मात त्या मानसाला कुनी कोंडलं नव्हतं. त्यानंतर घरातलं कुनीबी कडीला हात लावला की ते उठून उभे ऱ्हायचे. करणला ते बघवंना, म्हनून त्यानं फोन केला. बाकी त्याचा दोष न्हाई.

मी तुला लक्ष नसल्याचं लिहिलं. ते माघारी घेते. तुझ्याकडंच बरे हुते, पायाला पट्टी असली तरी.

गोरक्षला सांग, न सांग, तुझ्या मनावर हाय.

चांगुणा


शिंगणापूर
१० जानेवारी २०२५

ताई,

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. आधी सगळं मनात वाचायला हवं होतं, पण टपाल आलं तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या. "चांगुणाचं हाय का? वाच." मी वाचत गेले, आणि त्या ओळीपाशी आल्यावर थांबता आलं नाही. आण्णा पलीकडे शेंगा फोडत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

आई उठून आण्णांपाशी जाऊन बसल्या. हे आल्यावर त्यांना समोर बसवून म्हणाल्या, "गोरक्षा, ह्या घराला दार लावायचं नाव कुनी काढायचं न्हाई. देवाचं राहू दे बाजूला. ह्यांना कोंडायचं न्हाई. मी निजते उंबऱ्यात. माझ्या अंगावरनं जात्यात का बघू."

दाराचं माझ्या मनात होतं हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. मी कुणाशी बोलले नव्हते. सोनईच्या सुताराला एकदा विचारलं होतं, तेवढंच.

तर आता चौकटीत त्यांचं अंथरूण असतं. खाली पोतं, त्यावर गोधडी, वर दोन चादरी. बाहेरच्या बाजूला फळी टेकवतो, तरी वारा आत येतोच. आण्णा पहाटे उठतात आणि चौकटीपाशी येऊन उभे राहतात. आई त्यांचा घोटा धरतात.

"कुठं निघाले?"

"बाजारला."

"बाजार उद्या हाय."

"व्हय का?" म्हणून ते परत फिरतात. आठ दिवस झाले, एकदाही ओलांडलं नाही. हे म्हणाले, आईला आत घे, मी निजतो. पण पहाटे चारला यांना पाण्यावर जावं लागतं, आणि आण्णा निघतात ते नेमके त्यानंतर.

खरं सांगू? या आठ दिवसांत मला शांत झोप लागली. दोन महिन्यांत, आण्णा घरी असताना, पहिल्यांदा. उठून खाट चाचपायची गरज पडली नाही.

आईंना थोडा खोकला आहे. अडुळशाचा काढा देते. सोमवारी भोगी, तुमच्या आठवणीनं बाजरीच्या भाकरीला जास्त तीळ लावीन.

अश्विनी


काष्टी
१५ जानेवारी

अश्विनी,

हे पत्र मिळंल त्या दिवशी आईला आत निजव. तिला म्हनावं, चांगुणानं शपथ घातलीय. बहात्तर वर्सांची बाई, आनि तू मला लिहितेस उंबऱ्यात निजते. माझ्या लहानपनी थंडीत तिची छाती भरायची, आण्णा रात्रभर शेगडी धरून बसायचे, मी बघितलंय. तुला ते ठाव न्हाई.

करणला फोन करायला सांगितला हुता. गोरक्षनं उचलला आनि सगळं बरं हाय म्हनला. बरं हाय म्हनजे काय ते मला समजत न्हाई. तू लिही.

तिळगूळ पाठवते. आण्णांना कडक वडी देऊ नको, दात न्हाईत. भुगा करून दे.

चांगुणा


काष्टी
६ फेब्रुवारी

अश्विनी,

आई जाऊन सोळा दिवस झाले. तेराव्यापातूर मी तिथंच हुते, पन तुझ्याशी बोलता आलं न्हाई. घर भरलेलं हुतं, आनि मला कुनी काही सांगायचं तर वरडून सांगावं लागतं. वरडून सांगन्यासारखं ते नव्हतं. म्हनून इथं येऊन लिहिते.

नगरच्या दवाखान्यात तिला काचेतनं बघितलं. नाकाला नळी. ती काही तरी म्हनली. मला वठ दिसले न्हाईत, मास्क हुता. गोरक्षला इचारलं तर तो म्हनला, काही न्हाई, पानी मागितलं. खरं काय ते तुला ठाव असंल तर लिही. नसंल तर नको.

माझ्या डोक्यातनं एक जात न्हाई. मी ते पत्र लिहिलं नसतं, आण्णांच्या हाताचं खोटंच सांगितलं असतं, पडले म्हनले असते, तर आईनं उंबऱ्यात अंथरूण घातलं नसतं. तू दार बसवलं असतंस. सगळ्यांनी चार दिवस तोंड वाकडं केलं असतं आनि ती आत उबेत निजली असती. मी तुला पयल्यांदा व्हय म्हनले असते तर एवढं सगळं झालंच नसतं.

निघताना मी गोरक्षला सांगितलं, दार बसव. ह्या घरची लेक म्हनून सांगते, काही दोष लागला तर मला लागू दे. त्यानं मान खाली घातली. व्हय म्हनला का न्हाई म्हनला, मला कळलं न्हाई. तू सांग काय केलं ते.

मी पुन्हा येऊन ऱ्हायले असते. पन रेश्माला डॉक्टरनी हलू नको म्हनलंय, पाय सुजल्यात. हितलंबी माझ्याच्यानं सुटत न्हाई.

चांगुणा


शिंगणापूर
१६ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. लिहायला बसते आणि कुणीतरी हाक मारतं. आज हे आण्णांना घेऊन मळ्यात गेले आहेत, धनश्री क्लासला. घरात मी एकटी आहे.

आधी आई काय म्हणाल्या ते. मी खाटेच्या अगदी जवळ होते. त्या म्हणाल्या, "ह्यांनी खाल्लं का?" एवढंच. यांनी तुम्हाला पाणी सांगितलं, कारण त्यांना ते बोलवलं नसतं.

आता दुसरं. तुम्ही स्वतःला दोष लावून घेतलात, म्हणून हे सांगणं भाग आहे. दहा तारखेच्या पत्रात मी थोडा खोकला असं लिहिलं. ते खरं नव्हतं. आठ तारखेपासून त्यांच्या अंगात ताप होता. सकाळी अंथरूण गोळा करताना हात लागला आणि मला चटका बसला. मी म्हटलं, यांना सांगते, दवाखान्यात जाऊ. त्यांनी माझा हात धरला. "गोरक्षला सांगू नको. तो मला आत निजवंल आनि ह्यांना कोंडंल. चार दिवसांत उतरंल." मी नाही म्हणायला हवं होतं. मी काढा करून दिला आणि गप्प बसले. का गप्प बसले, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. मला झोप मिळत होती, ताई. त्या तिथं निजल्या म्हणजे मला झोप मिळत होती. दुसरं काही कारण सापडत नाही.

तुमचं संक्रांतीचं पत्र आलं तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. धनश्रीनं ते उशाशी ठेवलं होतं. आता तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी मी समजून घेईन.

दाराचं असं झालं. तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी हे सोनईहून फळ्यांचं दार करून घेऊन आले. कुणाला काही बोलले नाहीत. ते गोठ्यात पोत्यानं झाकून ठेवलं आहे. दोन वेळा बिजागऱ्या हातात घेऊन ते चौकटीपाशी उभे राहिलेले मी पाहिले. दोन्ही वेळा आण्णा आत बसून त्यांच्याकडे बघत होते. एकदा तर, "काय करतोस रे?" म्हणून विचारलं. हे म्हणाले, "काही न्हाई, चौकट बघतोय," आणि बिजागऱ्या खिशात टाकून मळ्यात गेले. मीही आता आग्रह करत नाही. ज्या दारासाठी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, ते दहा पावलांवर पडून आहे आणि मला ते बसवा म्हणवत नाही.

आण्णांना आई गेल्याचं आम्ही एकदा सांगितलं. ते तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, तेव्हा यांनी परत सांगितलं, आणि आण्णा पुन्हा पहिल्यासारखेच रडले. तिसऱ्या दिवशी धनश्री म्हणाली, आता नका सांगू. तेव्हापासून आई धारा काढायला गेलेल्या असतात. दिवसातून सहा-सात वेळा.

बाहेर जाणं थांबलेलं नाही. गेल्या आठवड्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा भर दुपारी. एकदा दूधवाल्यानं आणून सोडलं, एकदा हे जाऊन घेऊन आले. दुपारची पट्टी मी सोडली आहे. बांधायला गेले की आई आठवतात आणि गाठ पडत नाही. म्हणून रोपाला पाणी द्यायला जाते ते दहा वेळा मागं बघत. परवा पाण्याचा दंड फुटून अर्धा वाफा वाहून गेला. हे काही बोलले नाहीत. आमच्या घरात आता कुणीच कुणाला बोलत नाही.

पहाटेसाठी उंबऱ्यात मी निजते. कुणी सांगितलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी अंथरूण तिथं घातलं, मी ते उचलून स्वतःसाठी घातलं. यांनी पाण्यावर जायचं की जागायचं? थंडी आता कमी आहे, पण पहाटे जमिनीतून वर येतेच. पहिल्या काही रात्री डोळा लागला नाही. आई इथं पंधरा रात्री कशा निजल्या असतील, ते पाठीला कळलं.

बुधवारी पहाटे पाचच्या सुमाराला आण्णा उठले. मला पावलं ऐकू आली. चौकटीपाशी येऊन थांबले. घोटा धरायला मी चादरीतून हात काढला, त्याआधी तेच वाकले.

"बायडे," म्हणाले, "हितं कशाला निजलीस? गारठा लई हाय. आत चल."

मी बोलले नाही. बोलले असते तर आवाज माझा निघाला असता. ते जरा थांबले, परत फिरले, आणि खाटेवरचं स्वतःचं घोंगडं घेऊन आले. पायांकडून वर, खांद्यापर्यंत, नीट अंगावर घातलं. कडा आत खोचल्या. मग तिथंच भिंतीला टेकून नुसत्या बंडीवर बसले, उजाडेपर्यंत. मी उठायला हवं होतं. म्हातारं माणूस गारठ्यात बसलेलं, त्यांना आत न्यायला हवं होतं. मला उठवेना. मी डोळे मिटून पडून राहिले, आई असल्यासारखी.

उजाडल्यावर धनश्रीनं चहा केला. मी अंथरूण गुंडाळलं, घोंगडं त्यांच्या अंगावर घातलं आणि कप हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. नखं अजून पुरती आलेली नाहीत. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"तू कुनाची गं?"

मी म्हटलं, "ह्याच घरातली."

"बरं," म्हणाले, आणि चहा प्यायले.

अश्विनी